काकीची खोली आणि आमचा पूर्वग्रहाचा अभ्यास

संशोधनाच्या अहवालात सगळं कसं इस्त्री करून ठेवावं लागतं. 'सहभागी व्यक्तींनी अपेक्षेपेक्षा वेगळा प्रतिसाद दिला' असं एक वाक्य लिहिलं की झालं काम. आता त्या एका वाक्यामागे आमचे देशमाने सर सलाइन लावून दवाखान्याच्या खाटेवर पडले होते, हे कुठे लिहायचं? ते मग तसंच उरतं. असं उरलंसुरलं माझ्याकडे इतकं साचलंय, की मैत्रिणी जमल्या आणि चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ए, तुझं ते मालवण सांग ना!"

सांगते. पण मध्ये कुणी उठायचं नाही.

मी जतची. सांगली जिल्ह्याच्या पार कडेला, कोरडा मुलूख. बाजरीची भाकरी खाऊन वाढले, मासा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. सामाजिक मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि देशमाने सरांच्या प्रोजेक्टवर लागले. विषय होता गटवर्तन आणि पूर्वग्रह. म्हणजे माणसं 'आपली' आणि 'त्यांची' अशी वाटणी कशी करतात, आणि ती मोडते कधी. जागा ठरली तारकर्लीपासून जरा आत, एक गाव. गावाच्या दोन वाड्या. वरची भात-काजूवाल्यांची, खालची मासेमारीवाल्यांची. दोघींमध्ये विस्तवही जात नाही.

सर इतके खूश, की काय सांगू! "असं तयार भांडण शोधून सापडत नाही गं!"

प्रोजेक्टची अट एकच. फील्ड ऑफिसरने वर्षभर गावातच राहायचं. ती फील्ड ऑफिसर मी. गावात खोली मिळाली नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर पीएच.डी. नाही. आणि बाबांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं, "परत आलीस की पुन्हा पाठवणार नाही. तिथली माणसं आपल्याला धरून नसतात."

*

खोली शोधायला माझ्याबरोबर बस्त्याव मास्तर होते. आमचे स्थानिक सहकारी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावातल्या मोजक्या ख्रिश्चन घरांपैकी एका घरातले. दोन्ही वाड्यांतली निम्मी माणसं त्यांचा मार खाऊन मोठी झालेली, त्यामुळे दोन्हीकडे बिनधास्त जाऊ शकणारे तेच एकटे. ते मला वरच्या वाडीत शालूकाकीकडे घेऊन गेले. काकी एकटीच राहायची, मुलगा मस्कतला, मागची खोली रिकामी.

काकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मास्तरांना विचारलं, "खंयचा चेडू?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

"सांगली जिल्ह्यातला."

"म्हणजे घाटी?"

आंबोलीचा घाट चढून वर गेलं की पुढे जे जे कोणी राहतं, ते सगळे घाटी. त्यात सांगली-सोलापूर असा फरक नसतो.

"मास्तरांनू, घाटी नको हां. घाटी गोड बोलतत आनी मगे फसयतत."

मास्तर नुसते ओट्यावर बसून राहिले. मीही बसले. काकीने शेवटी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि म्हणाली, "आठ दिस रव. तवसर दुसरीकडे बघ."

पूर्वग्रहाचा अभ्यास करायला आले होते मी. सामान उतरवायच्या आधीच पहिली नोंद झाली!

*

पहिली मुलाखत खालच्या वाडीतल्या नानूची. नानू म्हणजे मोठा मच्छीमार, मिशा जाड, आवाज समुद्राच्या वर जाणारा. आमचा पहिलाच प्रश्न होता, "आपल्या मनात कोणत्याही गटाविषयी नकारात्मक भावना आहे का?"

नानूने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी सोपं करून सांगितलं, "नानू, तुका कोनाचो राग येता?"

"माका? छे! कोनाचोच नाय."

"वरच्या वाडीचो?"

"मास्तरांनू, राग येवक समोर माणूस तरी होयो मां?"

आमच्याकडे एक ते पाच अशी मोजपट्टी होती. या उत्तराला पाचसुद्धा कमी पडले असते!

*

काकीचं म्हणणं, खालच्या वाडीत सोलकढी करताच येत नाही. नानूच्या बायकोचं म्हणणं, वरच्या वाडीतली सोलकढी म्हणजे तांदूळ धुतलेलं पाणी. सरांना कल्पना सुचली. दोन्ही घरची सोलकढी सारख्याच पेल्यांत घालायची, कुठली कुणाची ते सांगायचं नाही, आणि चांगली कुठली ते विचारायचं. जिभेला वाडी कळते का, ते बघू.

काकीने दोन्ही पेले चाखले. डावा बाजूला सारला, उजवा संपवला, आणि ओठ पुसत म्हणाली, "हीच आमची. हेका म्हणतत कढी!"

मी पालथं घातलेलं लेबल सुलटं केलं. उजवा पेला नानूच्या घरचा!

मला वाटलं, आता काकी आपला पूर्वग्रह तपासून बघणार, आणि माझ्या प्रबंधात एक सुंदर परिच्छेद होणार. काकी पेला उलटसुलट करून बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे नारळ आमच्या माडाचो!"

मास्तरांनी चौकशी केली. खरंच! नानूची बायको त्या आठवड्यात बाजारातून जे नारळ घेऊन गेली होती, ते काकीच्याच बागेतले.

हे नानूला कळलं तेव्हा तो म्हणाला, "नारळ तेंचो आसात. हात कोनाचो?"

दोन्ही वाड्या जिंकल्या. हरले फक्त सर, कारण हा निकाल कुठल्या रकान्यात घालायचा ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माझे आठ दिवस तोवर केव्हाच उलटून गेले होते. मी भीत भीत विचारलं, "काकी, दुसरी खोली बघू का?"

"आता खंय बघतंस? काजी वाळत घातलेले आसत, कावळे राखूक कोणीतरी होया. आनी आठ दिस रव."

*

आता दोऱ्यांचा प्रयोग. मानसशास्त्रातला हा जुना प्रकार. एका माणसाला पाच जणांच्यात बसवायचं. ते पाच जण आपलेच, आधीच पढवलेले. सगळ्यांसमोर दोन दोऱ्या ठेवायच्या, एक उघड उघड लांब, एक आखूड. पाचही जणांनी ठणकावून सांगायचं की आखूड आहे तीच लांब. मग त्या बिचाऱ्या सहाव्याला विचारायचं. बहुतेक वेळा सहावा गोंधळतो, आणि बरेच जण सरळ पाच जणांच्या मागून जातात.

सहावे होते तात्या, काकीचे थोरले दीर. पाचही जणांनी चोख काम केलं. एकेकाने आखूड दोरीवर बोट ठेवलं आणि "हीच लांब" म्हटलं. तात्या शांतपणे ऐकत होते. सरांनी विचारलं, "तात्या, तुमचं मत?"

"माझा मत?" तात्या उठून उभे राहिले. "सर, दोरी मरांदे. पाच मालवणी माणसा एकच बोलतत, म्हणजे हंय कायतरी भानगड आसा!"

आणि निघून गेले!

सर डोक्याला हात लावून बसले. "मास्तर, ही माणसं एकमत होतात तरी कुठे?"

मास्तर म्हणाले, "देवळात. तात्यांच्या गाऱ्हाण्याला."

मग एका सोमवारी आम्ही गेलो. गाऱ्हाणं म्हणजे कुणाची काही मागणी असली की तात्या देवासमोर नारळ घेऊन उभे राहतात आणि त्या माणसाच्या वतीने खड्या आवाजात देवाला सांगतात. ते जरा थांबले की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. त्या दिवशी कुणाची गाय अडली होती, कुणाच्या जमिनीची केस लागली होती.

"कोर्टात येश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या पार्टीच्या वकिलाचो घसो बसांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या समोरच्या पार्टीचा सख्खा भाऊ माझ्या शेजारीच उभा होता. त्यानेही म्हटलं! मी त्याला बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "गाऱ्हाण्यात व्हय म्हणूचा लागता. वकील बदलूक येता."

पायरीवर उभे राहून बस्त्याव मास्तरही प्रत्येक वेळी "व्हय म्हाराजा" म्हणत होते. सरांनी जरा आश्चर्याने त्यांच्याकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "म्हाराज ऐकता मरे. तो काय आडनाव विचारता?"

*

सरांच्या सलाइनची गोष्ट राहिलीच.

असं मानतात, की बघणारे जितके जास्त, तितकी मदतीला येणारी माणसं कमी. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी जाईल. सरांनी ठरवलं, मालवणच्या एस.टी. स्टँडवर भर गर्दीत आपण चक्कर आल्याचं नाटक करायचं आणि बघायचं.

मास्तरांनी परोपरीने सांगितलं, "सर, इथे नको. इथे आजारी माणसाला लवकर सोडत नाहीत."

सर ऐकतात होय! कुडाळची गाडी लागलेली, ऊन मी म्हणतंय. सर "आई गं" म्हणाले आणि अलगद खाली बसले. मी घड्याळ लावायला बटणावर बोट ठेवलं, ते दाबेपर्यंत सर दिसेनासे झाले! एका मासेवालीने बांगड्यांच्या टोपलीतलं बर्फाचं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं. एकाने चप्पल नाकाला लावली. एकाने पाय वर धरले. कंडक्टरने गाडी थांबवून ठेवली. आणि हे सगळं चालू असताना चौघं जण मला विचारत होते, "खंयचे हे? कोनाकडे इले?"

सर ओरडत होते, "मी ठीक आहे! हा प्रयोग आहे! प्रयोग!"

मासेवाली म्हणाली, "बडबडतत हत गो. डोक्यात गेला. रिक्षा हाडा!"

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बरं झालं लगेच आणलंत. बीपी भलतंच वाढलंय, अंगातलं पाणीही कमी झालंय." सर खरंच आजारी होते, आणि त्यांना पत्ताच नव्हता! सलाइन लागली, गोळ्या सुरू झाल्या, त्या आजही चालू आहेत. दुसऱ्या दिवशी ती मासेवाली दोन पापलेटं घेऊन सरांना बघायला आली. सरांनी तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. अजूनही मालवणचा विषय निघाला की म्हणतात, "मला त्या बांगड्याच्या पाण्यानं वाचवलं." आणि त्यात अजिबात अतिशयोक्ती नाही.

*

आता जीप. प्रोजेक्टचा सगळ्यात मोठा प्रयोग हाच. न पटणाऱ्या दोन गटांना एकमेकांशिवाय होणारच नाही असं काम दिलं, की ते जवळ येतात, असं म्हणतात. सरांनी आमची भाड्याची जीप किनाऱ्यावर ओल्या वाळूत घालायला लावली. अर्धं चाक रुतलं की पुरे होतं. ती पार चाकांच्या दांड्यापर्यंत रुतली! आणि भरती सुरू झाली.

मास्तरांनी दोन्ही वाड्यांना हाक दिली. दोन्हीकडून माणसं धावत आली, अगदी मनापासून. पण वरच्या वाडीची वाट जीपच्या मागच्या बाजूला, खालच्या वाडीची पुढच्या बाजूला. वरच्या वाडीने मागून धरली आणि मागे ओढायला लागली. खालच्या वाडीने पुढून धरली आणि पुढे. दोन्हीकडे जोर सारखा, दोन्हीकडे "हय्या हय्या". जीप जागच्या जागी थरथरत आणखी खाली गेली.

सरांचा चेहरा पांढराफटक. पाणी चाकांना लागलं.

मग मास्तरांनी नानूच्या होडीतून रापणीचे दोर मागवले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. त्याला दोन टोकांना दोन दोर असतात, आणि माणसांच्या दोन रांगा एकमेकींपासून लांब उभ्या राहून ते ओढतात. मास्तरांनी दोन्ही दोर जीपलाच बांधले, एक वरच्या वाडीच्या हातात दिला, एक खालच्या. कुणाला कुणाच्या शेजारी उभं राहायला नको! दोघांनीही किनाऱ्याकडेच ओढायचं. नानूने हाळी दिली. तिकडून तात्यांनी त्याहून मोठी दिली. जीप हलली.

पण रापणीत एक गंमत असते. जाळं जवळ यायला लागलं की दोन रांगांनाही एकमेकींकडे सरकत यावं लागतं. जीप कोरड्या वाळूवर आली तेव्हा नानू आणि तात्या खांद्याला खांदा लावून ओढत होते, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

टाळ्या झाल्या. सरांचे डोळे भरून आले, ते भाषण करणार तेवढ्यात नानू म्हणाला, "सर, वाटो?"

"कसला वाटा?"

"रापण ओढूक हात लावलो की वाटो मेळता. आमचो वाटो खंय?"

तात्यांनी लगेच दुजोरा दिला. "बरोबर बोलता तो. वाटो होयो!"

वर्षभरात दोन वाड्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, ते सरांच्या विरोधात! शेवटी सरांनी जेवण कबूल केलं. कोंबडी-वडे. जागा? काकीचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. मी काकीला विचारायला गेले. खालची वाडी तिच्या खळ्यात कधीच जेवली नव्हती, आणि ती चिडली असती तर माझी खोली गेली असती. काकीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "वड्यांचा पीठ किती भिजवू?"

जेवताना नानूने सोलकढीचा पेला तोंडाला लावला. काकी वाढता वाढता थांबली. सगळं खळं थांबलं.

नानूने पेला खाली ठेवला. "बरी आसा. अगदी आमच्याच घरची वाटता!"

काकीने त्याला न विचारता पुन्हा पेला भरून दिला.

*

मध्ये मी तापाने फणफणले. काकी सकाळपासून माझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. पेज भरवत होती. भरवता भरवता शेजारणीला सांगत होती, "घाटी माणूस कसो, आपल्यापुरतो बघणारो. कोनाक जीव लावूचो नाय."

मी तापातच म्हणाले, "काकी, मी घाटीच आहे."

"गप रव. तापात कायव बोलतंस."

मला रडू आलं. माझी आई लहानपणी गेली. इतक्या मायेने मला पुन्हा कुणी भरवेल, असं कधी वाटलंच नव्हतं. त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार, तेही आठ दिवसांच्या बोलीवर राहिलेली मी!

*

वर्ष संपलं. मिरजेच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली, एकच. उमेदवार ढिगाने. माझी फेलोशिप संपत आली होती आणि ही नोकरी मिळाली नाही तर जतला परत जाऊन बसायचं, एवढाच रस्ता होता. जेवण जाईना. काकीने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "नाय मेळाली तर हंय ये. खोली आसा. आठ दिस." मग जरा विचार करून म्हणाली, "तात्याक सांगतंय. गाऱ्हाणा घालूया."

मला न्यायला बाबा आदल्या दिवशीच आंबोलीमार्गे आले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात बेदाण्याची पिशवी. काकीने त्यांच्या ताटात बांगडा वाढला, स्वतः शेजारी बसून काटे काढून दिले. बाबा जपून जपून खात होते आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे बघत होते.

देवळात दोन्ही वाड्या आल्या. पुढे नानू, पायरीवर मास्तर, मास्तरांशेजारी सर. काकी माझ्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, हात जोडून. तात्यांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे इला हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वरसभर हंय रवला, खालच्या वाडीत जेवला, वरच्या वाडीत जेवला, कोनाचा वायट केल्यान नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता मिरजेक मुलाखतीक जाता हा. तेका येश दी, नोकरी पक्की करून दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्या नारळ खाली ठेवणार, एवढ्यात काकीने त्यांना कोपराने ढोसलं. "ता रवला, ता सांग!"

तात्यांनी नारळ पुन्हा वर धरला. आवाज आणखी चढवला.

"आनी म्हाराजा, थंय मिरजेक सगळे घाटी! गोड बोलतले आनी फसयतले! आमचा चेडू साधा. त्या घाट्यांपासून तेका सांभाळ रे म्हाराजा!"

बाबांनी टोपी सावरली, डोळे मिटले, आणि दोन्ही वाड्यांच्या वर त्यांचा जतचा खडा आवाज गेला,

"व्हय म्हाराजा!"